पोटाशी बांधलेली डिस्क

चाचांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी बसायला खुर्ची दिली ती मला नाही, कॉम्प्युटरला. तो जड डबा दोन्ही हातांनी कवटाळून मी उभी होते, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि चाचा माझ्याकडे ढुंकूनही न बघता दुकानातली एकुलती एक गादीची खुर्ची फडक्याने झटकत होते.

"हां, ह्यांना हितं बसव," ते म्हणाले. "लांबून आल्यात ते. तू उभी ऱ्हा, जवान हायस."

डबा खुर्चीत बसला. चाचांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ह्यांना शेवटचा हात कुणाचा लागला?"

मला वाटलं, कोणी बिघडवला ते विचारताहेत. मी घाईघाईने सांगायला लागले की आमच्यापैकी कोणी काही केलेलं नाही, वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पुढे कळलं की हा त्यांचा सगळ्यांनाच पहिला प्रश्न असायचा. 'काय झालंय' हे ते गिऱ्हाइकाला कधीच विचारत नसत. ते मशीनच सांगेल, म्हणत. माणसाला फक्त मशीन कुणाचं होतं तेवढं विचारायचं.

"आईचा," मी म्हटलं.

"हायत का आई?"

"नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि डब्यावरचं फडकं दोन बोटांनी हळूच उचललं. ते फडकं म्हणजे आईने जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर होतं. त्यांनी त्याची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

चाचांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाटोद्याच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान होतं आणि लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणत. मी एकदा नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कागदावर लागतं बेटी. तुला कागद करायचाय का?" दुकानावरही नाव नव्हतं. होती फक्त एक पत्र्याची पाटी, निळ्या रंगात स्वतःच्या हाताने लिहिलेली: 'घाई असेल तर पुढे जा.' आणि लोक खरंच पुढे जायचे. पुढे मोबाईलची चार दुकानं होती. चाचांना मोबाईलचा भयंकर राग. कोणी नेलाच तर तो उलटासुलटा करून म्हणायचे, "ह्याला स्क्रू कुठाय? ज्याला स्क्रू न्हाई त्याला पोट न्हाई, अन् ज्याला पोट न्हाई त्याचं दुखतंय काय म्हणून बघायचं बे?"

विनय नावाची चीज त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. "बीड जिल्ह्यात हे काम दोघंच करत्यात. एक मी. दुसरा अजून जन्मायचाय." हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. कुठल्याशा आमदाराचा टीव्ही त्यांनी फोनवरून नुसता आवाज ऐकून दुरुस्त केला होता म्हणे. निजामाच्या काळातला एक रेडिओ त्यांच्या बापाकडे आला तेव्हा तो उर्दूशिवाय दुसरं काही पकडतच नव्हता, आणि तो बापाने मराठीवर आणला म्हणे. हे सांगताना चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. समोरचा हसला तर मात्र दुखावायचे.

एकदा माझ्यासमोर एक माणूस मिक्सर घेऊन आला. चांगला शिकलेला, गाडीवाला. मिक्सर फळीवर टाकत म्हणाला, "बघा चाचा, भंगार झालंय, होत असेल तर करा." चाचांनी मिक्सर उचलला, त्या माणसाच्या हातात परत ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या घरात म्हातारं माणूस हाय का?" तो म्हणाला, "आहे, आई आहे." "तिच्या तोंडावर हा शब्द वापरू नका." आणि दुसऱ्या कामाला लागले. त्या माणसाला रागवावं की हसावं कळेना. शेवटी तो "चुकलं चाचा" म्हणाला, तेव्हा मिक्सर ठेवून घेतला. 'मशिनला मौत न्हाई, मालकाला सबर न्हाई' हे त्यांचं ठरलेलं वचन त्या दिवशीही ऐकायला मिळालं.

आता आमच्या कॉम्प्युटरचं सांगते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. मी शाळेत असताना त्यांनी बीडहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. गल्लीत पहिलाच. लोक बघायला यायचे, आई सगळ्यांना चहा करायची आणि कॉम्प्युटरपासून चार हात लांब उभी राहायची. मी बारावीत असताना आई गेली. नंतर अण्णांची बदली झाली, तेव्हा घरातलं बरंच सामान तेलगावच्या मामाच्या कापसाच्या खोलीत ठेवलं आणि विसरलो. अण्णा निवृत्त होऊन पाटोद्याच्या घरी परत आले, मी बीडला नोकरीला लागले, तरी ते सामान तिथंच. मग ऐन वेचणीच्या दिवसांत मामाचा फोन आला, "तुमचं ते डबडं उचला बाई, मला कापूस टाकायचाय."

मी उचललं असतं आणि खरंच भंगारात घातलं असतं. पण त्याच आठवड्यात अण्णांनी एक गोष्ट सांगितली. अंगणात शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या आईचा चेहरा दिसतो गं मला. फोटो हाय. पण तिचा आवाज जाऊ लागलाय. कशी बोलायची, ते ध्यानातच येईना."

माझंही तेच झालं होतं. आई गेली तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल नव्हते. कुठल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती नाही. कॅमेरा आला की ही चुलीमागे. माणूस जातं तेव्हा आपण म्हणतो सगळं गेलं, पण सगळं एकदम जात नाही. थोडं थोडं जात राहतं, आणि आवाज कधी गेला ते कळतही नाही.

तेव्हा मला तो माईक आठवला. कॉम्प्युटरच्या स्पीकरसोबत एक काडीसारखा माईक आला होता आणि मी त्यावर रेडिओवाल्या बाईसारखी बोलत बसायचे. त्यात आवाज साठवता यायचा, एका वेळी एक मिनिट. आईला त्यात बोलायला लावायचा मी प्रयत्न केल्याचं आठवत होतं. ती बोलली का, आणि मी ते ठेवलं का, हे मात्र अजिबात आठवत नव्हतं. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मग त्यात ती असंल?"

"असेलच असं नाही अण्णा."

"पण असंल," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज मला फोन करून कॉम्प्युटरची तब्येत विचारू लागले.

बीडच्या दोन दुकानांत दाखवलं. एकाने हसून सोडून दिलं. दुसरा भला होता, त्याने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडून बघितली. डिस्क फिरेना. आतून जाम झालीय, मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवा, पण भरवसा नाही, म्हणाला. तेव्हा कोणीतरी चाचांचं नाव काढलं. म्हणजे नाव नाहीच. 'तुमच्याच पाटोद्यात तो एक येडा चाचा हाय बघा' असं म्हणाले.

तर चाचांनी आमचा डबा उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग मला बोलावलं. "बेटी, हे काय हाय?"

मी वाकून बघितलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत कुंकू होतं. हिरव्या पट्टीवर कुंकवाचा थर, तारांमध्ये तांदळाचे दाणे, पंख्याच्या पात्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दर दसऱ्याला आई विळा, शिलाई मशीन, अण्णांची सायकल आणि कॉम्प्युटर यांची एकत्र पूजा करायची. आणि पूजा झाली की नैवेद्य. फ्लॉपी घालायची फट हे त्याचं तोंड, असं तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं, आणि त्या तोंडात ती चिमूटभर साखर घालायची. अण्णा ओरडायचे, तर म्हणायची, "वर्षभर राबतंय, एक दिस गोड नको व्हय?"

मी हे सगळं मान खाली घालून सांगितलं. वाटलं, आता चाचा मला पाटी दाखवणार. पण ते स्टुलावर बसले. चष्मा काढून हातात धरला.

"माझ्याकडं लोक मशिनी आपटून आणत्यात," ते म्हणाले. "भिजवून आणत्यात, जाळून आणत्यात. खाऊ घालून आणलेली ही पैलीच."

मग त्यांनी चिमटा घेतला. एकेक तांदूळ, एकेक पाकळी उचलून ते स्टीलच्या एका वाटीत ठेवू लागले. मी म्हटलं, "चाचा, ब्रशने झाडून टाका ना, कचराच आहे." ते माझ्यावर खेकसले. "अक्षदा हायत ह्या. पायाखाली जातील." मला आपलाच हात तोंडावर ठेवावासा वाटला. वाटीवर झाकण ठेवून ती त्यांनी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "साहेबांना दे. त्यांच्या घरच्या हातचं हाय हे, माझ्याकडं ऱ्हायला नको." अण्णांनी ती वाटी घेतली, झाकण उघडून बघितलं आणि देवघरात नेऊन ठेवली.

आतली बॅटरी फुटून तिचा हिरवा मळ पसरला होता. तो चाचांनी लिंबाच्या रसाने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने उतरवला. फुगलेले कपॅसिटर बदलले. हे करताना ते मशीनशी बोलत, तेही अहोजाहो करून. "जरा दुखंल हां. झालं, झालं." चहावाला बशी ठेवून जायचा. ते चहावर फुंकर मारायचे आणि त्याच फुंकरीत पुढच्या पट्टीवरची धूळ उडवायचे. दुकानात कुणाला तरी हे हसण्यासारखं वाटत असेल. मलाही पहिल्यांदा वाटलं. मग हसू आपोआप थांबलं, कारण त्या माणसाचे हात बघत राहावं असे होते.

खरा प्रश्न डिस्कचा होता. ती फिरेना म्हणजे फिरेना. चाचांनी ती कानाशी धरली, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक तिच्यावर आणि मूठ कानावर असं करून ऐकली, आणि निदान केलं, "थंडी भरलीय. कापसाच्या खोलीत पडून पडून आतलं तेल गोठलंय."

"मग?"

"मग काय? ऊब."

दुसऱ्या शनिवारी गेले तर चाचा जरा जाडे दिसले. शर्टाच्या आत, बनियनवर, त्यांनी गमच्यात गुंडाळलेली डिस्क पोटाशी बांधली होती. मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. चूल नको, हीटर नको, ऊन नको. ते एकदम भाजतं. हिला माणसाच्या अंगाची ऊब हवी, हळूहळू. ते ती बांधूनच जेवत, बांधूनच बसत. नमाजाच्या वेळी सोडून चहावाल्याच्या हातात देत आणि बजावत, "खाली ठेवू नको बे, धरून ऱ्हा." चहावाला बिचारा नमाज होईपर्यंत ती छातीशी धरून उभा राही, आणि गिऱ्हाइकं चहासाठी ओरडत. घाटनांदूरला नात्यातल्या लग्नाला गेले तेव्हाही ती पोटाशी होती. तिथं पाहुण्यांनी विचारलं, पोटाला काय झालं? चाचा म्हणाले, "अंडं उबवतोय." पाहुण्यांनी ते खरं मानलं की नाही कोण जाणे, पण मुलीकडच्या बायकांनी त्यांना खाली वाकून जेवण वाढायला लावलं नाही, एवढं मला चाचांनीच मोठ्या अभिमानाने सांगितलं.

मला विचाराल तर मी त्या काळात चाचांना भीत होते. रागाला नव्हे. एखादा माणूस परक्या घरातल्या, कधी न पाहिलेल्या बाईच्या आवाजासाठी, तोही असेल की नसेल याची खात्री नसताना, लोखंडाचा तुकडा अंगाशी बांधून हिंडतो, हे बघितलं की आपलं सगळं शिक्षण, नोकरी, शहाणपण लहान वाटायला लागतं. मोठ्या देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आवाज त्यांच्यापुढे खाली यायचा.

एके दिवशी त्यांनी डिस्क सोडली, तळहातावर आडवी धरली आणि मनगटाला एक बारीकसा झटका दिला. कुलूप उघडताना देतात तसा. आत टक् झालं. मग जोडली. स्क्रूड्रायव्हर तिच्यावर टेकवून, मूठ कानाला लावून ते ऐकत राहिले आणि हळूहळू त्यांचे डोळे मिटले. "फिरू लागल्या," म्हणाले. मलाही ऐकवलं. बारीक, एकसारखी घरघर होती.

त्या आनंदात त्यांच्याकडून चूक झाली. मी मागाहून आणून दिलेला आमचा मॉनिटर त्यांनी नीट न तपासताच लावला. फट्ट झालं, धूर निघाला आणि मॉनिटर गेला. डिस्कला काही झालं नाही, पण चाचांचा चेहरा उतरला. जिल्ह्यातल्या दोघांपैकी एक असलेला माणूस मान खाली घालून बसला. पुढचे काही दिवस दुकान बंद. उघडलं तेव्हा गेले, तर दारावरची पाटी दारावर नव्हती. ती आत, त्यांच्या बैठकीसमोरच्या भिंतीवर टांगली होती, त्यांच्याकडे तोंड करून. 'घाई असेल तर पुढे जा.'

"लोकांना लई वाचून दाखवली," ते म्हणाले. "आता मी वाचतो." एका केबलवाल्याकडून मागून आणलेला जुना मॉनिटर फळीवर तयार होता.

पडद्यावर जुनी निळी खूण उमटली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आत काय आहे ते बघायला पुढे सरकले, तर चाचांनी बटण बंदच केलं. "कुलूप निघालं. घर तुमचं हाय. मी आत जात न्हाई, अन् तुमीबी हितं जायचं न्हाई." हा त्यांचा नियम होता. मशीन जिथं बंद पडलं तिथंच पुन्हा सुरू करायचं, आणि ज्यांचं आहे ते सगळे समोर पाहिजेत.

म्हणून शुक्रवारच्या नमाजानंतर ते ऑटोत कॉम्प्युटर घेऊन आमच्या घरी आले. अण्णांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. जुनं टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं तसंच पुन्हा लावलं होतं. चाचांनी स्वतःचा स्टॅबिलायझर आणला होता, आमच्या विजेवर त्यांचा भरवसा नव्हता. दुकानात मला 'उभी ऱ्हा' म्हणणारा माणूस आमच्या घरात मात्र वेगळाच होता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दारातून चटकन बाजूला सरकले, नजर खाली. मी म्हटलं, "चाचा, मीच आहे." म्हणाले, "असशील. घरातल्या बाईमाणसाची वाट अडवू न्हाई."

तारा जोडून झाल्यावर ते उठले आणि ओसरीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. आमच्याकडे पाठ करून.

"चाचा, आत या ना," अण्णा म्हणाले.

"न्हाई साहेब. तुमच्या घरातलं बोलणं हाय."

मी बटण दाबलं. माझी शाळेतली चित्रं निघाली, वाकडं घर, दोन नारळाची झाडं. एक अर्धवट निबंध. मग आवाजाच्या फायली. पहिल्या दोनमध्ये मी बातम्या देत होते. तिसरीत माझी कविता. अण्णा टेबलाची कड धरून बसले होते. चौथीला नाव दिलेलं नव्हतं. मी ती सुरू केली.

आधी नुसती खरखर आली. मग थाप. थप्, थप्, थप्, थोडं थांबून पुन्हा थप्. भाकरी. ज्वारीची भाकरी परातीत थापल्याचा तो आवाज. भाकरी सगळ्याच बायका थापतात, पण मधे थांबून पीठ लावायची ती लय एकीचीच होती. मग माझा किरटा आवाज, "आई, बोल ना गं यात." थप्, थप्. "आई, बोल ना."

आणि ती बोलली.

"माजे हात पिठाचे हायत. खराब हुईल ते."

"हात नाही लावायचा, नुसतं बोल."

"काय बोलू?" ती हसली. तिचं हसणं असं नाकातून सुरू व्हायचं, हे मी पार विसरून गेले होते. मग ती माईकशी बोलायचं सोडून, रोज हाक मारायची तशी मोठ्याने म्हणाली, "आवं, ऐकलं का? जेवाया या, भाकर गार हु..."

मिनिट संपलं. तिथंच तुटलं.

"आलो, आलो," अण्णा म्हणाले, आणि खुर्चीवरून उठले. उठून स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेलेसुद्धा. मग थांबले. त्यांना कळलं.

मी त्यांना धरायला वळले, तेव्हा दाराकडे लक्ष गेलं. चाचा आमच्याकडे पाठ करूनच होते. पण दाराच्या मधे नव्हते. मागून बाईमाणसाचा आवाज आला तसे ते एका बाजूला सरकले होते, चौकटीला खेटून, मान खाली घालून, आई बाहेर येईल म्हणून.

त्यांचं दुकान पुढे रस्ता रुंद झाला त्यात गेलं, आणि चाचा परळीला लेकीकडे राहायला गेले. कॉम्प्युटर अजून चालतो. दसऱ्याला अण्णा त्याच्यापुढे साखर ठेवतात, तोंडात घालत नाहीत, चाचांनी बजावलंय. पण मला चाचा म्हटलं की दुकान आठवत नाही, पाटी आठवत नाही. आमच्या ओसरीच्या दारात, माझ्या आईला वाट देऊन उभे असलेले चाचा आठवतात. अण्णा खाली बसले, मी पाणी आणलं, तरी ते कितीतरी वेळ तसेच बाजूला उभे होते.